नाशिक ते नागपूर विमानाने: 40 मिनिटं की पावणेदोन तास?

तुम्ही विचारलंय की वेबसाइटवर ओझर (नाशिकचं विमानतळ) ते नागपूर 546 किमी आणि वेळ 40 मिनिटं दाखवतात, तिकिटावर मात्र पावणेदोन तास, मग आईंच्या प्रवासासाठी कुठला आकडा धरायचा. तिकिटावरचा धरा.

546 किमी हे अंतर बरोबरच आहे, पण ते नाकासमोर सरळ रेघ मारून काढलेलं. ही रेघ चाळीसगावच्या जरा खालून अकोल्यावर आणि तिथून अमरावतीजवळून जाते, रेल्वे मात्र मनमाड करून वर भुसावळला वळसा घेते म्हणून तिचे साधारण 650 किमी होतात. नागपूर इतकं पूर्वेला आहे की तिथे सूर्य नाशिकपेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो, आपल्या राज्याची ही लांबी नकाशात बघून पटकन लक्षात येत नाही.

आता वेळ. त्या वेबसाइट 546 ला मोठ्या जेटच्या ताशी 800-850 किमीने भागतात आणि मोकळ्या होतात. बुकिंग करताना विमानाचा प्रकार दिसतो तो बघा, एटीआर 72 असेल तर ते पंख्याचं विमान आहे, ताशी 500 च्या आसपास जातं, म्हणजे नुसत्या सरळ अंतरालाच तास-सव्वा तास गेला. त्यात चढताना आणि उतरताना वेग कमी, विमानांचे मार्ग ठरलेले त्यामुळे थोडं वाकडं जाणं, रनवेपर्यंत रांगणं, आणि तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते, शिवाय उशीर झाला तर भरून निघावा म्हणून कंपन्या थोडी जास्तच धरतात. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून असतात म्हणून नागपूरला जाताना जरा लवकर आणि येताना जरा उशिरा, पण तो फरक पाच-दहा मिनिटांचा.

खरा हिशोब दारापासून दारापर्यंत करा. नाशिक शहरातून ओझर वीसेक किमी, आग्रा हायवेच्या ट्रॅफिकसकट पाऊण तास धरा, दीड तास आधी पोचा कारण चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधीच बंद होतं. नागपूरला मात्र सोपं, सोनेगावचं विमानतळ शहरातच आहे. सगळं मिळून पाच तास. रात्रीच्या ट्रेनला दहा-साडेदहा तास लागतात, आणि समृद्धीने गाडी काढली तरी वयस्कर माणसाला एवढं सलग बसणं जड जातं. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर मी तरी विमानच सुचवेन.

फक्त एक, एटीआरला मागच्या दाराने विमानाच्याच छोट्या जिन्यावरून चढावं लागतं, पायऱ्या थोड्याच पण उंच आणि अरुंद, त्यामुळे व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा आणि पायऱ्या चढता येत नाहीत हे स्पष्ट सांगा, नाहीतर चेअर जिन्याच्या पायथ्यापर्यंतच येते. वरचे कप्पे लहान असतात, मोठी बॅग दारातच काढून घेतात, औषधं आणि चष्मा हातातल्या पर्समध्ये ठेवायला सांगा. खिडकी मिळाली तर बघा, पंख वर असल्यामुळे खालचं सगळं छान दिसतं.

आणि तिकीट ऑक्टोबर किंवा मार्चच्या शेवटच्या रविवारच्या पुढचं असेल तर आठवडाभर आधी वेळ परत तपासा, तेव्हा वेळापत्रक बदलतं आणि छोट्या शहरांच्या फ्लाइट सगळ्यात आधी हलतात.