कॅसेटच्या शेवटची तीन मिनिटं

मिरज, रविवार सकाळ

बाळ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एवढा लांब मजकूर फोनवर वाचायचा म्हणजे माझ्या चष्म्याची परीक्षाच. होस्टेलच्या खोलीत तुझ्या फोनवर चुकून ‘झिंगाट’ लागलं, दोघी मैत्रिणी हसल्या, आणि त्याच रात्री तू लहानपणापासूनची गाण्यांची सगळी यादी पुसून टाकलीस. लॉकडाउनमध्ये रात्र-रात्र जागून जमवलेली कोरियन गाणीसुद्धा गेली. आता खोलीत जे चालतं तेच तू ऐकतेस, मान हलवतेस आणि खाली लिहितेस, ‘काका, माझी खरी आवड कुठली तेच कळेनासं झालंय. दर तीन वर्षांनी बदलणारी आवड खरी कशी असेल?’

उत्तर नंतर देतो. आधी माझा एक गुन्हा ऐक.

१९८५ साल. मी सतरा वर्षांचा. वडील रेल्वेत होते आणि घरात एक टू-इन-वन होता, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. वडील तो टेप करायचे. रेडिओवरून थेट भरताना खोलीतला आवाज कॅसेटवर येत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं, तरी आम्हाला सगळ्यांना गप्प बसवायचे. अशाच एका शनिवारी त्यांनी शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं भरून घेतलं. मग कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खुंटी स्क्रू-ड्रायव्हरने मोडली, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरू नये.

मी चुकून नाही, मुद्दाम भरलं. मोडलेल्या खुंटीच्या भोकावर सेलोटेप चिकटवली की कॅसेट परत भरता येते, हे मला ठाऊक होतं. कारण मी तेव्हा सुट्टीत स्टेशन रोडला एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. घरातली, माझ्या मते सगळ्यात कंटाळवाणी कॅसेट उचलली आणि तिच्यावर बप्पी लाहिरींची डिस्को गाणी भरली.

पुढच्या आठवड्यात वडिलांनी ती लावली. पहिल्या ठोक्यालाच त्यांना कळलं असणार. ते उठले नाहीत. एक अख्खं गाणं ऐकलं, बटण दाबलं आणि म्हणाले, “आवाज स्वच्छ आलाय.” बस. पुढे कधी विषय नाही. थोबाडीत मारली असती तर मी आजपर्यंत विसरलो असतो.

पण माझी गाणी कमी पडली होती. तीस मिनिटांची बाजू, आणि डिस्को सत्तावीसाव्या मिनिटाला संपला. शेवटचं गाणं संपलं की ‘खट्’ असा आवाज यायचा आणि मन्सूर मधूनच, एका तानेच्या पोटातून उगवायचे. उरलेली तीन मिनिटं, तबला द्रुत लयीत, आणि टेप संपायची. मी धावत जाऊन बंद करायचो. पण माणूस दर वेळी धावत जाऊ शकत नाही. कधी अंगाला साबण लागलेला, कधी हातात सायकलची चेन. मग तीन मिनिटं वाजायची. अशी किती वेळा वाजली असतील, दोनशे, तीनशे?

वर्ष-दीड वर्षाने दुकानात कॅसेटचं रीळ पेन्सिलीने गुंडाळत होतो. मालक म्हणाले, “हे काय गुणगुणतोयस?” मी डिस्को गुणगुणत नव्हतो. मी ती तान गुणगुणत होतो. वाईट, बेसूर, पण तीच. तो राग बिहागडा आहे हे कळायला आणखी सहा-सात वर्षं गेली. आणि बप्पीदांची गाणीही मला तेव्हा तितकीच आवडत होती, आजही आवडतात. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुला वाटेल की मी पोरकट आवडीतून शहाण्या आवडीत गेलो. तसं काही झालं नाही. घरात एक पाहुणा आला, पहिला गेला नाही, एवढंच.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी माणसाला ती आवडू लागते. मला त्याची गंमत वाटते, कारण माझ्यावर तो प्रयोग सेलोटेपने झाला. आणि साधारण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट असतात, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. म्हणजे तू जे काही पुसलंस, ते फोनमधून गेलं. तुझ्यातून जाईल असं मला वाटत नाही.

आता दुकानाबद्दल. आमचा मुख्य धंदा म्हणजे गाणी भरून देणं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, ए बाजू, बी बाजू, आणि आम्ही भरून द्यायचो. सहा महिन्यांत मला नुसती यादी बघून वय सांगता यायला लागलं. किशोरची सगळी रडकी गाणी एकाखाली एक लिहिली असतील तर अठरा ते एकवीस, नुकतंच काहीतरी बिनसलेलं. असा एक मुलगा दोन वर्षांनी तीच कॅसेट घेऊन आला आणि म्हणाला, “ह्याच्यावरच सनई भरा, लग्न आहे.” मी विचारलं, जुनं पुसू ना? तो क्षणभर थांबला आणि खिशातून पैसे काढून नवी कॅसेट घेतली. मला त्या मुलाबद्दल अजून आदर आहे.

आणि एक आजी यायच्या, नऊवारीतल्या, गळ्यात माळ. दोन्ही बाजूंना भीमसेन जोशींचे अभंग. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात गीता दत्तचं क्लबमधलं एक गाणं. “तेवढं अगदी शेवटी घाल हं,” म्हणायच्या, “तिथपर्यंत घरात कुणी ऐकत नाही.” बघ, सत्तरीतही माणूस यादी लपवतो. तू एकोणिसाव्या वर्षी लपवलीस तर फार मोठं पाप नाही केलंस.

मीही लपवली आहे. सांगलीला कॉलेजात गेलो तेव्हा आमच्या टोळक्यात गझलांची साथ आली होती. जगजीतसिंगांची कॅसेट ज्याच्याकडे नाही तो गावंढळ. मला उर्दू शून्य. ‘तसव्वुर’ म्हणजे कल्पना, पण ती तसबीर असावी असं समजून मी वर्षभर डोळे मिटून दाद देत होतो, तीही चुकीच्या जागी. एकदा मी ‘वाह’ म्हणालो तेव्हा नुसतं व्हायोलिन चाललं होतं. त्या काळातली एकही गझल मला आज धड आठवत नाही. पुढे पस्तिशीत, रात्री लेकीला झोपवताना, त्याच माणसाचा आवाज रेडिओवर लागला आणि मी पहिल्यांदा नीट ऐकला. म्हणजे गझल वाईट नव्हती, माझी वेळ आली नव्हती, आणि मी ती आल्याचं सोंग करत होतो.

तू विचारलंयस ना, बदलणारी आवड खरी कशी? बदलली म्हणून ती खोटी होत नाही. तू मान हलवतेस ना, तिथे जरा खोटं आहे. तेवढं थांबव. ‘मला अजून हे कळलं नाही, परत लाव’ असं म्हणून बघ. मैत्रिणी चांगल्या असतील तर परत लावतील.

वडिलांची एक गोष्ट मला ते गेल्यावर कळली, आत्याकडून. मी त्यांना जन्मजात मन्सूरवाला समजत होतो. तर १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलेच, पुण्याचे. त्यांना चित्रपटसंगीत हलकं वाटायचं, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी शास्त्रीय ऐकावं ही इच्छा चांगलीच होती. झालं काय, तर लोकांनी काटा फिरवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला. आणि आमचे तीर्थरूप, वय वर्षं पंधरा, घरी रेडिओ नाही म्हणून स्टेशनसमोरच्या हॉटेलाबाहेर उभे राहून ती ऐकायचे. आत बसायचं तर चहा घ्यावा लागायचा. आजोबांनी एकदा कानाला धरून घरी आणलं होतं म्हणे. शेवटी सरकारनेच ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू केली आणि गाणी परत आली.

“आवाज स्वच्छ आलाय” हे वाक्य मला तेव्हा टोमणा वाटलं होतं. आत्याने ही गोष्ट सांगितल्यापासून मला तसं वाटत नाही. हॉटेलाबाहेर उभं राहून, खरखरीतून गाणं वेचणाऱ्या मुलाचं ते मत असावं.

कानात नेमकं काय बदलतं, हे मला इथल्या एका कारागिराने दाखवलं. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे तुला नावाने माहीत असतील, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं आणि तेच हात वाद्यांकडे वळले. तर मी एक जुना तंबोरा जवारीला घेऊन गेलो होतो. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, तार जिथे टेकते तो भाग झिजला की आवाज मुका होतो. मग कानसीने, काचेने तो घासून परत बोलका करायचा, ती जवारी. काम झाल्यावर त्यांनी तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती दोरा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम झणझणून खुलली.

मग म्हणाले, “ही शेवटची, खर्जाची तार. नुसती हीच ऐका. गंधार ऐकू येतोय?”

मला फक्त सा ऐकू येत होता, गंधार म्हणजे ग कुठेच नाही. मी, अर्थातच, मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत तार छेडली. परत. परत. चहा आला, गेला. पाचएक मिनिटांनी त्या सा-च्या आत, वरच्या अंगाला, एक बारीक उजळ सूर तरंगताना दिसला. दिसला असंच म्हणावं लागेल. कुणी न वाजवलेला गंधार. गाणारी माणसं त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. विज्ञान सांगतं की कुठल्याही तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनं एकदमच चालू असतात, आणि त्यातलं पाचपटीचं म्हणजे हा गंधार. पहिल्या झटक्यालाही तो तिथे होताच. एकदा ऐकू आला आणि मग न ऐकणं मला जमेना. आजतागायत जमलेलं नाही.

घरी येऊन मी काय केलं असेल? जुनी गाणी परत ऐकली. डिस्कोचीच. आणि ज्यांच्यावर मी फक्त नाचलो होतो त्यांत खाली एक बेस गिटार काय सुंदर चाललंय हे मला चाळिशीत ऐकू आलं! तुझ्या ‘झिंगाट’चंच बघ. ज्या चित्रपटातलं गाणं लागलं म्हणून मैत्रिणी हसल्या, त्याच २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यातलं संथ गाणं एकदा रात्री दिवा मालवून हेडफोनवर ऐक, शब्द सोडून, फक्त मागची व्हायोलिनं. दहा वर्षांची असताना तू ती ऐकली नाहीस. ऐकण्याचं कारणच नव्हतं, तू गणपतीपुढे नाचत होतीस. आणि तेव्हा तेच बरोबर होतं.

तेव्हा सांगायचं ते एवढं. पुसलेली यादी आठवून आठवून परत लिही, हाताने, वहीत. सगळी आठवणार नाही. जी आठवतील ती बघ कुठली आहेत. न आवडणारं काही कळून घ्यायचं असेल तर काढ्यासारखं नाक दाबून ऐकू नकोस. कपडे धुताना, खोली आवरताना चालू ठेव, आणि बंद करायला धावू नकोस. फोनचं एक वाईट आहे, आपल्याला जे आवडलं त्याचीच जुळी भावंडं तो पुढे आणत राहतो. साबण लागलेल्या हातांना तिथे काही मिळत नाही. मधूनच दुसऱ्याच्या हातात फोन दे आणि सांग, तुझं लाव.

आणि खोलीतल्या त्या दोघींना खरंच जे आवडतं ते मलाही पाठव. कोरियन गाण्यांपैकी तू मागे पाठवलेलं दुसरं मला आवडलं होतं, पहिल्यात मुलं फार आहेत, कोण गातंय कळत नाही. भाषा येत नाही याचं वाईट वाटून घेत नाही, गझलेत हात पोळले आहेत.

मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं असतं, तेव्हा ये. पुढे बसू, तंबोऱ्याजवळ. कंटाळा आला तर उठून बाहेर जिलेबी खायची, त्यात लाजायचं काही नाही, मी कित्येकदा उठलोय.

ती कॅसेट अजून आहे. टू-इन-वनही आहे, पण आतला रबरी पट्टा सैल पडलाय, त्यामुळे बप्पीदा रेंगाळतात आणि मन्सूर एक सूर खाली गातात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असले बेल्ट मिळतात. येताना एक बघ. माप मोजून वेगळं पाठवतोय, पट्टा ताणून मोजलेलं नाही, हे दुकानदाराला सांग.

तुझा
काका