"मॅडम, घर विकून मोकळं व्हावं का?" : भांडुपच्या चौथ्या मजल्यावरची गोष्ट

मी समुपदेशनाचं काम करते. कोरोनाच्या वर्षातला, २०२० चा ऑगस्ट संपत आला तसे मला फोन यायला लागले आणि पुढे वर्षभर लोक फिरून फिरून एकच विचारत होते, घर विकून टाकू का. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचा पगार अर्धा झालेला, कोणाचं माणूस गेलेलं. मुंबईत घर म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, अर्ध्या आयुष्याची कमाई चारशे स्क्वेअर फुटात ओतलेली असते, तेच विकायची भाषा माणूस करतो म्हणजे आतून किती हलला असेल. अजूनही कुठे संकट आलं की हाच प्रश्न घेऊन लोक येतात, म्हणून एक केस सविस्तर लिहितेय. त्या कुटुंबाची परवानगी घेतलीये, नावं आणि काही तपशील बदललेत.

पहिला फोन वैशालीचा. सप्टेंबरचा पहिला आठवडा, दुपारची वेळ, आवाज अगदी दबका आणि मागून कोणाच्या तरी चपलांचा आवाज. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, जिन्यात बसलेय, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. घरात बोलायला जागाच नाही, हॉलमध्ये मुलीचा दहावीचा ऑनलाइन क्लास, किचनमध्ये सासूबाई, बेडरूममध्ये हे." त्या काळात माझी निम्मी सेशन्स अशीच झालीत, कोणी जिन्यात, कोणी गच्चीवर, कोणी बंद पडलेल्या गाडीत काचा लावून.

झालं असं होतं की दोन दिवसांपूर्वी तिच्या व्हॉट्सअपवर एका एजंटचा व्हिडिओ कॉल आला, "वहिनी, जरा किचन आणि बाल्कनी दाखवता का, पार्टी लाइनवर आहे." सोसायटीत बाहेरच्या माणसाला एंट्री नव्हती म्हणून घरं अशीच दाखवली जायची. वैशालीच्या हातात पिठाचा गोळा, तिला कळेचना कसली पार्टी. नवऱ्याने तिला न सांगता घर विकायला काढलेलं, आणि घर दोघांच्या नावावर. त्या रात्री भांडण नाही झालं, ती म्हणाली, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, आम्ही फक्त बोलायचं थांबलो.

सुहास म्हणजे तिचा नवरा, वय ४६, एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. लग्नं बंद, कॉन्फरन्स बंद, एप्रिलपासून अर्धा पगार आणि जुलैमध्ये घरी बसा. वैशाली एका लॅबमध्ये रिसेप्शनला, पगार १९ हजार. घरखर्च २२ हजार, होम लोनचा हप्ता २६ हजार, सतरा लाख फेडायचे बाकी. मार्च ते ऑगस्ट त्यांनी मोरॅटोरियम घेतलेलं. इथे एक सांगते, खूप जणांना तेव्हा वाटलं की सहा हप्ते माफ झाले, तर तसं नव्हतं, हप्ता फक्त पुढे ढकलला होता आणि व्याज चढतच होतं. सतरा लाखांवर आठ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज जवळजवळ सत्तर हजार होतं, ते यांच्या मुद्दलात मिळवलेलं बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं तेव्हा सुहास दोन रात्री झोपला नव्हता.

आणि त्यातच २६ ऑगस्टला राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी कमी केल्याची बातमी. मुंबईत पाच टक्क्यांची डिसेंबरअखेर दोन टक्के, नंतर मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के. एजंटने हीच बातमी धरून सुहासला घाई लावली, "साहेब, हेच मार्केट आहे, नंतर कोणी विचारणार नाही, ६८ लाखांची पार्टी आहे, आठ दिवसांत टोकन घ्या." त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं तेवढंच घर २०१९ मध्ये ८२ ला गेलेलं.

सुहास बोलायला तयार झाला तो वैशालीने हात जोडले म्हणून. पहिल्या सेशनला त्याने मला आकडेच ऐकवले, कालनिर्णयच्या पानामागे त्याने लिहून ठेवले होते. ६८ मधून लोन वजा, ५० हातात, कुडाळकडे गावी जायचं, तिथे खर्च काय, काहीच नाही. मी विचारलं, मुलीची दहावी? तर गप्प. मी विचारलं, आत्ता हातात असलेल्या पैशात किती दिवस निघतील? म्हणाला, "दोन-तीन महिने, मग रस्त्यावर." हिशोब केलेला का, तर नाही, वाटतंय.

मग आम्ही तिघांनी फोन स्पीकरवर ठेवून बेरीज-वजाबाकी केली. दर महिन्याला तूट २९ हजार, एफडी आणि खात्यात मिळून ३ लाख, म्हणजे दहा महिने, म्हणजे जून २०२१. पीएफला हात न लावता. फोनवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग वैशाली म्हणाली, "म्हणजे मुलीची परीक्षा होऊन जाते." मी काही बँकेतली बाई नाही, म्हणून पुढचं त्यांना बँकेत विचारायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्टला कर्जाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देण्याची सोय काढली होती, अर्ज ३१ डिसेंबरच्या आत, आणि रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, चार टक्क्यांवर आल्याने नवी लोन सात टक्क्यांच्या आसपास मिळत होती, यांचं जुनंच चाललं होतं. सुहासने नोकरी गेल्याचं पत्र घेऊन चार खेटे घातले, मुदत वाढली, जुनं लोन रेपोवर आणायची फी भरली, हप्ता २२ हजारांवर आला. जूनची तारीख ऑगस्टवर गेली.

स्टॅम्प ड्युटीचंही साधं गणित त्याच्यासमोर मांडलं. ड्युटी घेणारा भरतो. ६८ लाखांवर तीन टक्के म्हणजे २ लाख ४ हजार, ते वाचणार पार्टीचे, आणि तुम्ही १४ लाख सोडताय. सवलत आठ दिवसांत संपत नव्हती, मार्चपर्यंत होती. हे ऐकून तो पहिल्यांदा थोडा चिडला, एजंटवर, आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं, कारण तोपर्यंत त्याच्या आवाजात काहीच नव्हतं.

मला वाटलं केस मार्गी लागली. आणि हीच माझी चूक. पुढच्या सेशनला सुहास शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळं पटलं, तरी विकूया." मी परत आकडे सांगायला लागले, त्याने ऐकून घेतले आणि परत तेच, तरी विकूया. मी विचारलं, ८२ देणारा मिळाला तर? विकूया. उद्या नोकरी लागली तर? तरी विकूया. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस पैशाबद्दल बोलतच नाहीये, आणि मी तीन सेशन्स पैशाबद्दल बोलतेय.

चौथं सेशन त्याने एकट्याने केलं, गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीची मोटर चालू होती म्हणून मधेमधे ऐकू येत नव्हतं. मी एवढंच विचारलं, घरात कुठली वेळ सगळ्यात नकोशी होते? म्हणाला, सकाळी दूध घ्यायला दार उघडतो ती. का? "समोर कुलूप दिसतं."

समोरचे काका जूनमध्ये गेले. बिल्डिंग सील होती. रात्री त्यांना दम लागला, अँब्युलन्स आली तेव्हा पहाट होत आलेली, बरोबर पीपीई घातलेली दोन माणसं, आणि जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. लिफ्ट नाही. मग सुहास आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, दोघांनी काकांना त्यांच्याच घरातल्या प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसवलं आणि चार मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवायची, श्वास घ्यायचा, परत उचलायची. काकांनी सुहासचं मनगट घट्ट धरलेलं आणि एकच म्हणत होते, "सुहास, हळू." काका परत आले नाहीत, घरीही आणता आलं नाही. काकू मुलीकडे पुण्याला गेल्या. ती खुर्ची कोणीतरी वर आणून काकांच्या दाराशी ठेवली, ना कोणी धुतली ना आत घेतली.

मग बराच वेळ मोटरचा आवाज. मग म्हणाला, "आई ७४ ची आहे. तिला असं न्यायला लागलं तर माझ्याच्याने होणार नाही."

तर हे होतं ते. तीन महिने त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, कारण सांगितलं तर आई घाबरेल. त्याऐवजी कालनिर्णयच्या मागे आकडे लिहीत बसला होता. आपल्याकडे पुरुषांना पैशाची काळजी बोलून दाखवता येते, ही दुसरी नाही येत, हे मी किती घरांत पाहिलंय.

पुढचं काम त्यामानाने सोपं होतं, कारण आता विकायचं की नाही हा प्रश्नच राहिला नाही, आईंना चौथ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं हा प्रश्न झाला आणि त्याला रस्ते असतात. सुहासने हे सगळं वैशालीला सांगितलं, ती रडली, आणि मग दोघांनी मिळून आईंना विचारलं, जे आजवर कोणी केलंच नव्हतं. आई म्हणाल्या, "मला मार्चपासून खाली जायचंय, तुम्ही नेत नाही म्हणून गप्प होते."

मागच्याच गल्लीत एक तळमजल्याचं घर रिकामं होतं, मालक गावी गेलेले, भाडं १६ हजार. यांचं घर हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्या दोन नर्स मुलींना १७ हजारांनी दिलं, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, नीट रजिस्टर करून. घर अजूनही यांचंच आहे.

विकणं चूक असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. त्याच दिवाळीच्या आसपास डोंबिवलीचं एक जोडपं माझ्याकडे होतं, दोघांच्या नोकऱ्या गेलेल्या आणि दोन घरांचे हप्ते, त्यांनी एक विकलं आणि ते बरोबरच होतं. पण कोणी मला विचारलं की मी आधी विचारते, घरातल्या कोणाकोणाला माहितीये? हातातले पैसे कुठल्या तारखेपर्यंत पुरतात, महिना आणि वर्ष सांगा, अंदाज नको. आणि चांगला भाव आला, नोकरी लागली, तरी विकावंसं वाटतंय का? याचं उत्तर हो असेल तर कागद बाजूला ठेवून त्या घरात नेमकं काय टोचतंय ते बोलायला हवं, घरच्यांशी, मित्राशी, आमच्यासारख्या कोणाशी. आणि तोवर टोकन घेऊ नका, कितीही कमी रक्कम असली आणि जीपेवर एका मिनिटात येत असली तरी, कारण ते घेतलं की मागे फिरणं फार अवघड होऊन बसतं.

डिसेंबरमध्ये शिफ्टिंग झालं त्या संध्याकाळी वैशालीचा फोन आला, या वेळी जिन्यातून नाही, नव्या घराच्या ओट्यावरून. सामान टेम्पोत गेल्यावर आईंना उतरवायची वेळ आली तेव्हा सुहासने काकूंना पुण्याला फोन लावला, तुमची लाल खुर्ची घेऊ का म्हणून. काकू म्हणाल्या, घे बाळा. त्याने ती गच्चीवरच्या नळाखाली साबणाने धुतली, पुसली आणि प्रत्येक वळणावर आधी नेऊन ठेवली, आई चालत उतरायच्या, खुर्चीत बसायच्या, दम खायच्या, मग हा खुर्ची घेऊन पुढच्या वळणावर. अर्धा तास लागला. खाली पोचल्यावर आईंनी ती टेम्पोत चढवू दिली नाही, सुहासला म्हणाल्या, हातात घेऊन चल, खिडकीशी ठेवायचीये, भाजीवाला तिथूनच जातो.