सायकल सवाल: वाईच्या खोऱ्यात शांत रस्ता कुठं मिळेल?

प्रश्न: मी ४७ वर्षांची, मिस्टर ५२. दोघं रोज सकाळी २०-२५ किलोमीटर सायकल चालवतो पण सगळी सिग्नल आणि धुरातच. आता दोन दिवस नदीकाठच्या एखाद्या शांत रस्त्यावर जायचंय. ग्रुपवर एकाने वाई सुचवलं आणि पसरणी घाट कराच म्हणाला. झेपेल का?
— एक वाचक, पुणे

ताई, वाई अगदी बरोबर पण घाट विसरा. झेपणार नाही म्हणून नाही, बारा-तेरा किलोमीटरची चढण आहे, हळूहळू दोघं चढालसुद्धा, पण तुम्ही मागताय शांतता आणि तो रस्ता पाचगणी-महाबळेश्वरला जातो म्हटल्यावर शनिवार-रविवारी अख्खं पुणे-मुंबई त्यावर असतं, प्रत्येक वळणाला मागून हॉर्न. माझा साधा हिशोब आहे, रस्ता कुठंतरी प्रसिद्ध ठिकाणी पोचत असेल तर तो गाड्यांचा, आणि कुठंच पोचत नसेल तर तो आपला. वाईहून कृष्णेच्या उलट दिशेने म्हणजे पश्चिमेला जाल तर मेणवली, धोम, मग धरणाचं पाणी आणि त्याच्या वर जोर गावाकडची वस्ती, तिन्ही बाजूंनी डोंगर, पुढं गाडीरस्ता संपतो. त्यामुळे तिकडं जाणारा माणूस एकतर तिथलाच असतो नाहीतर एसटीचा ड्रायव्हर.

पुण्याहून सायकल चालवत जाऊ नका, खंबाटकी आणि हायवे यात अर्धा जीव जातो आणि मजा काहीच नाही. सायकली गाडीवर टाका, सुरूर फाट्याला वळा, वाईत मुक्काम करा. सकाळी सहा-साडेसहाला निघायचं. मेणवली जेमतेम ३ किलोमीटर, तिथं नाना फडणवीसांचा वाडा आणि मागं नदीचा पायऱ्यांचा घाट, आणि त्या घाटावर एका छोट्या देवळीत जी घंटा टांगलीय ती नीट बघा, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा आलेली चर्चची घंटा, अंगावर १७०७ साल कोरलंय. तिथून पुढं धोम. नरसिंहाचं देऊळ आहेच पण मला आवडतो तो महादेवाच्या देवळासमोरच्या दगडी कुंडातला नंदी, कासवाच्या पाठीवर बसलेला, कुंडात पाणी असेल तर अजूनच भारी दिसतो. इथपर्यंत येऊन परत फिरलात तरी सकाळ वसूल. दम असेल तर धरणाच्या कडेकडेने पुढं जायचं, चढ-उतार आहेत पण एकदम अंगावर येणारे नाहीत, आणि समोर कमळगड दिसत राहतो. किती किलोमीटर झाले ते बघूच नका, बाटलीतलं पाणी अर्धं संपलं की वळा.

एक फायदा सांगतो जो कुणी सांगत नाही. नदीच्या वरच्या अंगाला आधी जायचं, म्हणजे चढ ताज्या पायांनी होतो आणि दमल्यावर परतीचा रस्ता एकूण उताराचा. पाऊसकाळात वारं पण पश्चिमेचं, जाताना तोंडावर, येताना पाठीवर. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, आधी खाली भुईंजकडं गेलो आणि ऊन चढल्यावर वर, बायको दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतील तर सायकली परत गाडीवर आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर बघायला जा. १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, आत चक्क छोटा महाल आहे. विहिरीपासून कृष्णेपर्यंतचे गावातले रस्ते सायकलने फिरायला छान आहेत.

प्रश्न: माझी रोडबाइक आहे, २५ मिलिमीटर रुंदीची बारीक टायर. चालेल का? आणि पंक्चरचं काय करायचं?
— एक वाचक, सातारा

चालेल पण सुखाने नाही. डांबर बरं आहे तिथं मस्त पळेल, धरणाच्या वर कुठं खडी वर आलेली असते तिथं हाताला मुंग्या येतील. ३२ किंवा त्याच्या वरची टायर असलेली हायब्रिड बेस्ट, आणि हवा थोडी कमी ठेवा. पंक्चर बाभळीच्या काट्याने होणारच, त्यात काही विशेष नाही, दोन ट्यूब जवळ ठेवा. महत्त्वाचं म्हणजे तुमच्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह म्हणजे हवा भरायचा तो बारीक, लांब व्हॉल्व्ह असणार, गावातला पंक्चरवाला त्याच्याकडं बघून डोकं खाजवतो, त्यामुळे तो पितळी अडॅप्टर बरोबर असू द्या, नखाएवढा असतो आणि फार महाग नाही. पंप असेल तर प्रश्नच नाही. मोबाईलला रेंज मधेच जाते म्हणून मॅप आधीच डाउनलोड करा.

प्रश्न: कधी जावं? पावसाळ्यात की थंडीत?
— एक वाचक, ठाणे

मी ऑक्टोबर म्हणेन. ओढे वाहते असतात, शेतात हळद उभी असते आणि ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये एक गंमत आहे, वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली वाईत त्याच्या पाव भागही नाही, त्यामुळे वाईत कोरडे निघता आणि खोऱ्यात जसजसं आत जाल तसं भिजत जाता. रेनकोट वाईत ऊन आहे म्हणून रूमवर ठेवून जाऊ नका.

थंडी सुंदर, नदीवर धुकं असतं, पण तेव्हा ऊस सुरू होतो. कारखान्याचा हंगाम म्हणजे खालच्या भागात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. ट्रॅक्टर येण्याआधी त्याच्यावरचं गाणं येतं, तेवढा वेळ पुरेसा आहे, सरळ कडेला उतरा. आणि ट्रॅक्टर गेला म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका, मागं पहिली ट्रॉली, मग दुसरी, आणि ती दुसरी हलत असते. अंधारात तर नकोच, मागं लाइट असेलच असं नाही. रस्त्यावर सांडलेल्या पाचटावर ब्रेक मारलात तर घसरलातच, माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे. मांढरदेवीची पौषातली यात्रा आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड, त्या दिवसांत वाईच्या रस्त्यांवर मुंगीला जागा नसते, बगाड बघायचं असेल तर जरूर जा पण सायकल घरी ठेवून.

प्रश्न: प्रश्न नाही, तक्रार आहे. मी धोमच्या पुढचा. रविवारी तुमचे सायकलवाले चार-चार जण शेजारी शेजारी चालवतात, एसटी मागं अडकते, फोटोसाठी हळदीच्या वावरात घुसतात. शांत रस्ता शांत रस्ता म्हणून लिहिता, मग तो राहतो का?
— एक वाचक, ता. वाई

दादा, खरंय, यावर माझ्याकडं उत्तर नाही. लिहिलं की लोक येतात. म्हणून मी ग्रुप राइडला लोकेशन देत नाही, दोघं-तिघं असतील त्यांनाच सांगतो. वाचकहो, एकामागे एक चालवा, मागून गाडी आली की थांबून हात करा, वावरात पाय ठेवायचा तर मालकाला विचारून, आणि चहा-पोहे गावातल्या टपरीवर घ्या, पुण्याहून डबे नेऊ नका. दादा, तुमच्या गावात सकाळी सातच्या आत चहा कुठं मिळतो ते मात्र कळवा, पुढच्या वेळी तिथं थांबेन.