शिंपल्यांच्या वस्तू करू पाहणाऱ्या नवोदितास

आपण कोल्हापुरात राहता आणि माल गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातून आणणार आहात. तेव्हा पहिली दक्षता तेथेच घ्यावी. जिवंत प्राणी असलेला शिंपला उचलू नये, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये काही शंख संरक्षित असल्याने ओळख न पटलेला मोठा शंख, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये.

नवशिक्यांचे बहुतेक नुकसान स्वच्छतेत होते. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने व्हिनेगर किंवा आम्लाने तो झिजतो आणि त्याची झळाळी जाते (माझी पहिली परडी अशीच वाया गेली). म्हणून गोड्या पाण्यात भिजवून, पाणी रोज बदलून, मऊ ब्रशने घासावे व पूर्ण वाळू द्यावे. ओलसर शिंपल्यावर डिंक धरत नाही. आपल्याकडील पावसाळ्यात तर घाई मुळीच करू नये.

छिद्र पाडताना शिंपला ओला ठेवावा आणि मास्क लावावा, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

आरंभी दोनच वस्तू कराव्यात:
- किल्लीची साखळी
- कवड्यांचे छोटे तोरण

अंबाबाई मंदिराजवळच्या महाद्वार रोडवरील भाविक प्रवासात सहज नेता येईल अशी वस्तू पसंत करतो. किंमत ठरवताना स्वतःची मजुरी अवश्य धरावी. लाखकाम, रेझिन वगैरे तूर्त राहू द्यावे.