'रूमिनेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय?

मूळ अर्थ रवंथ करणे. गाय, म्हैस, शेळी चारा भराभर गिळतात आणि निवांत बसल्यावर तोच पुन्हा तोंडात आणून चघळतात. बसलेली गाय नीट बघा: जबडा क्षणभर थांबतो, गळ्यातून खालून वर एक गोळा सरकतो आणि चघळणं पुन्हा सुरू होतं. लॅटिनमध्ये 'रूमेन' म्हणजे घसा. आज जनावराच्या पोटातल्या सगळ्यात मोठ्या कप्प्याला तेच नाव आहे.

दुसरा अर्थ, एखादी गोष्ट मनात घोळवत राहणे. पुढे बहुधा 'ऑन' किंवा 'ओव्हर' येतं: 'शी रूमिनेटेड ओव्हर द ऑफर', म्हणजे तिने त्या प्रस्तावावर बराच वेळ विचार केला. 'थिंक'च्या जागी सरसकट वापरू नका, झटपट विचाराला हा शब्द चालत नाही.

मानसशास्त्रातली छटा वेगळी आहे आणि माझ्या मते तीच आज जास्त लक्षात ठेवण्यासारखी: झालेली चूक, झालेला अपमान पुन्हा पुन्हा उगाळणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या सवयीचा नैराश्याशी असलेला संबंध संशोधनातून दाखवला. त्या संदर्भात 'चिंतन करणे' असं भाषांतर कृपया करू नका, 'तेच तेच उगाळत बसणे' म्हणा.