सूर्यावरचे डाग कमी झाले की आपल्याकडे दुष्काळ पडतो का?

नाही, पडत नाही. सूर्य शांत असला, म्हणजे त्यावर डाग कमी असले, की एल निनो येतो (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस बऱ्याचदा घटतो), मग पेरणीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. याच शांत सूर्यापायी आमच्या घरात २०१९ पासून धुसफूस चालू आहे.

आमचे दाजी कृष्णाकाठचे, पलूस तालुक्यातले. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेलेला, आटपाडी-जतकडे चारा छावण्या लागलेल्या. अशात एका कृषी सल्लागाराने गावात पडद्यावर डागांचा आलेख दाखवला: २००९ ला सूर्यावर डाग नव्हते, दुष्काळ पडला, आता पुन्हा डाग नाहीत, म्हणजे पुन्हा तेच. दाजींनी महागामोलाचा कडबा घेऊन नदीकाठच्या मळीतल्या शेडमध्ये गंजी रचली. आखाड लागायच्या आत वैरण वर गावठाणात हलवायची ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत, ती त्या वर्षी मोडली. मी फोनवर भांडलो तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेत शिकवा."

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जनावरं वेळेत निघाली, एवढं नशीब. पाणी ओसरल्यावर गेलो तर गंजीवर चिखलाचा पापुद्रा आणि आतून ती तापलेली. हात घातला की वाफ यायची. म्हशी त्या कडब्याला तोंड लावेनात.

डाग २००९ ला जवळपास नव्हते आणि २०१९ लाही जवळपास नव्हते. पहिल्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ७८ टक्के झाला, दुसऱ्या वर्षी ११० टक्के. फरक समुद्रात होता. २००९ ला प्रशांत महासागरात एल निनो होता, २०१९ ला हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा तापलेला होता, म्हणजे धन आयओडी (इंडियन ओशन डायपोल), जो आपल्या पावसाला बहुधा पोषक असतो. आणि २००२ चं काय? तेव्हा सूर्य डागांच्या ११ वर्षांच्या चक्राच्या शिखरापाशी होता, म्हणजे डाग भरपूर होते, तरी पाऊस ८१ टक्क्यांवरच अडला.

ही सांगड जुनी आहे. १८७७ च्या दुष्काळात विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचा डागांशी संबंध लावला होता. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकरनेही डाग तपासून पाहिले. नातं कमकुवत निघालं. हवेच्या दाबाच्या आकड्यांत मात्र त्याला सदर्न ऑसिलेशन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाची वर-खाली होणारी झोकांडी, सापडलं, एल निनोचं हवेतलं अंग ते हेच.

आता, सूर्याचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाही. ११ वर्षांच्या चक्रात त्याची एकूण ऊर्जा साधारण ०.१ टक्का बदलते आणि पृथ्वीचं सरासरी तापमान ०.१ अंशाच्या आसपास हलतं. अतिनील किरणं त्या मानाने बरीच जास्त बदलतात. ती ओझोन शोषून घेतो, स्थितांबर (ढगांच्या वरचा हवेचा थर) तापतं, तिथले वारे बदलतात, आणि त्याचा माग उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात लागतो. पण एल निनो २ ते ७ वर्षांनी येतो, ११ चं पंचांग तो पाळत नाही.

पेरणीसाठी हवामान खात्याचा एप्रिल-मेचा अंदाज बघा, त्यात एल निनो आणि आयओडी दोन्हींबद्दल काय म्हटलंय ते वाचा. नदीकाठी असाल तर कोयनेच्या विसर्गावर रोज लक्ष ठेवा आणि वैरण आखाडाआधी वर न्या, सल्लागार काहीही म्हणो. दाजी अजून म्हणतात, आलेख बरोबरच होता, पूर हा अपवाद. लागोपाठच्या दोन शांत सूर्यांत एकदा दुष्काळ आणि एकदा महापूर आला, तर यातला नियम कुठला हे त्यांनी मला एकदा बसून सांगावं.