निरीश्वरवादी म्हणजेच नास्तिक का? हा शब्द आला कुठून?

एकच नव्हेत. देव न मानणाऱ्याला आज आपण सरसकट नास्तिक म्हणून मोकळे होतो, पण जुन्या ग्रंथांत या शब्दाचा रोख देवावर नव्हताच.

पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' म्हणणारा नास्तिक. पण काय आहे नि काय नाही? सूत्र ते सांगत नाही. त्यावरची जुनी टीका काशिकावृत्ती सांगते: परलोक. मनुस्मृतीत (२.११) तर नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. ईश्वराचा उल्लेख दोन्हीकडे नाही. त्यामुळे परलोक मानणारे पण वेद न मानणारे जैन आणि बौद्ध काशिकेच्या कसोटीवर आस्तिक ठरतात, मनूच्या कसोटीवर नास्तिक. दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकाची मात्र कुठेच सुटका नाही!

'निरीश्वर' हा शब्द थेट ईश्वराबद्दल बोलतो. दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरांच्या चर्चेत तो मुख्यतः सांख्य या दर्शनाला लागला: कपिलाचं ते निरीश्वर सांख्य, ईश्वर मानणारं पतंजलीचं योगदर्शन ते सेश्वर (ईश्वरासहित) सांख्य. सांख्यसूत्रांत 'ईश्वरासिद्धेः' (१.९२) असं स्वच्छ म्हटलंय, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. तरी सांख्य गणलं जातं आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांतच.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मीमांसा या, वेदांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा आचार्य कुमारिल भट्ट. वेदांचा एवढा कट्टर कैवारी दुसरा सापडणं कठीण. पण श्लोकवार्तिक या आपल्या ग्रंथात तो जगाच्या निर्मात्याची कल्पना अक्षरशः सोलून काढतो. निर्मात्याला शरीर नसेल तर जग घडवण्याची इच्छा त्याला होणार कशी? आणि घडवण्यामागे हेतू काय? 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', हेतूवाचून मूर्खसुद्धा कामाला लागत नाही. हाच कुमारिल त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला म्हणतो की मीमांसेला लोकांनी लोकायत (चार्वाकांचं मत) करून टाकलंय, तिला 'आस्तिकपथा'वर आणण्यासाठी हा माझा खटाटोप. निर्माता नाकारणारा माणूस स्वतःला पुऱ्या आत्मविश्वासाने आस्तिक म्हणवतो, आणि त्याच्या काळच्या अर्थाने ते बरोबरच आहे.

तेव्हा तुमचा नकार फक्त ईश्वरापुरता असेल, तर 'निरीश्वरवादी' म्हणा, तो नेमका शब्द आहे. आजच्या बोलण्यात 'नास्तिक'ही चालेल, पण जुना ग्रंथ वाचताना तो अर्थ मागे नेऊ नका. आणि ईश्वर आहे की नाही हे कळण्याजोगंच नाही असं तुमचं मत असेल, तर शब्द 'अज्ञेयवादी'. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेने १८६९ साली घडवलेल्या 'अ‍ॅग्नॉस्टिक'साठी मराठीत तोच रूढ आहे.